जिवाला घोर, तोंडाला चाळा

कोल्हापुरात ‘मला काळजी वाटते’ असं सहसा कुणी म्हणत नाही. फार तर ‘डोक्याला ताप हाय’ म्हणतील, ‘लई टेन्शन हाय भावा’ म्हणतील आणि म्हणता म्हणताच हात खिशाकडे जाईल. डबी निघेल, तळहातावर तंबाखू येईल, चुन्याचं बोट फिरेल, अंगठा मळू लागेल. वर दोन टाळ्या, मग एक चिमूट उचलून खालच्या ओठामागे बार. पुढचं बोलणं त्यानंतर.

रांगडेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या या मुलखात मनातली घालमेल जिभेवर येत नाही, पण तोंडात मात्र येते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा नखं कुरतडत बसतो. अडत दुकानातला दिवाणजी हिशेब जुळेपर्यंत पेनाचं टोपण चावतो. आजी मिसरी लावल्याशिवाय सकाळच्या कामाला हात घालत नाही. घरातलं कुणीतरी रात्री झोपेत करकरा दात खातं आणि सकाळी जबडा का ठणकतोय ते त्याला कळत नाही. तीन वर्षांचं पोर शाळेच्या पहिल्या दिवशी अंगठा तोंडात घालून दारात उभं राहतं.

यातल्या प्रत्येक गोष्टीला आपण वेगळं नाव दिलंय. एक व्यसन, दुसरी घाणेरडी खोड, तिसरा पोरकटपणा, चौथी म्हणजे पोटातले जंत. खरं तर या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तोंड हलतं राहिलं की जीव जरा शांत होतो. मात्र काळजीशी असलेलं प्रत्येक सवयीचं नातं सारखं नाही. काही सवयी काळजीतून येतात, काही निव्वळ कंटाळ्यातून. आणि तंबाखू काळजी घालवल्याचं भासवते, पण पुढची काळजी स्वतःच जन्माला घालते. हा फरक कळला नाही तर नखं खाणाऱ्या पोराला आपण उगाच रागावतो आणि तंबाखू खाणाऱ्या बापाला उगाच मोकळं सोडतो.

तोंडच का?

मूल आईच्या पोटात असतानाच अंगठा तोंडात घालतं. पंधराव्या आठवड्याच्या सुमारास ते सोनोग्राफीत दिसतं. म्हणजे चोखणं कुणी शिकवावं लागत नाही. जन्मानंतर पोट भरलेलं असलं तरी चोखायला मिळालं की बाळ निवतं. टाचेला सुई टोचून रक्त घ्यायचं असेल तेव्हा बाळाच्या तोंडात चोखायला काही दिलं तर ते कमी रडतं, हे अनेक अभ्यासांत दिसून आलं आहे. पोटात अन्न जाण्याशी त्याचा संबंध नाही. चोखण्याची लय आणि तोंडातला स्पर्श एवढंच त्याला पुरतं.

मेंदूतही तोंडाला मोठी जागा आहे. कॅनडातले शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा अगदी हलका स्पर्श करत आणि शरीराच्या कोणत्या भागाला काय जाणवतं याची नोंद ठेवत. १९३७ साली त्यांनी एडविन बोल्ड्रे यांच्यासोबत त्या नोंदींतून मेंदूवर शरीराचा नकाशा मांडला. त्यात ओठ, जीभ आणि हाताची बोटं यांनी प्रचंड जागा व्यापली होती, पाठ आणि पोट मात्र कोपऱ्यात राहिले. हात तोंडाकडे नेणं हे शरीरातल्या दोन सर्वांत जाणत्या भागांना एकत्र आणणं आहे. मन अस्वस्थ झालं की आपण नेमकं तेच करतो.

चावण्यालाही स्वतःची लय असते. उंदरांना जखडून ठेवलं आणि चावायला लाकडाचा तुकडा दिला, तर त्यांच्या शरीरातल्या ताणाच्या खुणा कमी राहतात, हे जपानी प्रयोगशाळांनी दाखवलं आहे. माणसांवरच्या च्युइंगमच्या प्रयोगांचे निकाल मात्र मिश्र आहेत. कुठे ताण थोडा कमी झाल्याचं दिसतं, कुठे काहीच फरक पडत नाही. चावण्याने बरं वाटतं हे खरं, पण ते बरं वाटणं थोडं असतं आणि थोडाच वेळ टिकतं.

तोंड आणि मन यांच्या नात्यावर सर्वांत गाजलेला सिद्धांत सिग्मंड फ्रॉइड यांचा. १९०५ साली त्यांनी मांडलं की बालपणी तोंडाच्या सुखात काही उणं-अधिक राहिलं तर माणूस पुढे आयुष्यभर धूम्रपान, खाणं, नखं कुरतडणं यांत अडकतो. या सिद्धांताला पुढच्या संशोधनाने फारसा आधार दिला नाही. फ्रॉइड यांचं स्वतःचं आयुष्य मात्र वेगळं काही सांगून जातं. ते दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढत. १९२३ साली त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, कृत्रिम टाळू बसवावा लागला, तरी सिगार सुटला नाही. मनाचा एवढा मोठा अभ्यासक, पण सवयीचं कारण सांगता आलं म्हणून सवय सोडता आली असं झालं नाही. कारण कळणं आणि सुटका होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंगठा चोखणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना एवढं सांगावं की घाई नको. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास कायमचे दात येऊ लागतात. तोवरही सवय टिकली तर वरचे दात पुढे येणं, पुढच्या दातांत फट राहणं, टाळू अरुंद होणं असे परिणाम होतात, तेव्हा दंतवैद्याला दाखवावं. अंगठ्याला मिरची पूड किंवा कडुनिंबाचा रस चोळायचा जुना उपाय अजून घराघरांत होतो. मिरचीचा हात डोळ्याला लागतो आणि घाबरलेलं मूल धीर मिळवायला पुन्हा अंगठ्याकडेच वळतं. नवं भावंड आलं, घर बदललं, शाळा सुरू झाली, अशा वेळी ही सवय परत उचल खाते. तेव्हा मुलाला जवळ घेणं हाच पहिला उपचार.

नखं: काळजी कमी, कंटाळा जास्त

नखं कुरतडणारा दिसला की आपण म्हणतो, ‘एवढं काय टेन्शन घेतोस?’ हा तर्क अर्धाच खरा आहे. नखं खाणं हे सर्वांत जास्त आढळणाऱ्या सवयींपैकी एक. अनेक पाहण्यांत चार-पाच जणांमागे एकाला ती असते, किशोरवयात सर्वांत जास्त. २०१३ साली अमेरिकी मानसोपचार संघटनेने आपल्या निदानसूचीत नखं खाण्याचा तीव्र प्रकार केस उपटणं, कातडी खरवडणं यांच्या जवळ ठेवला. म्हणजे त्याची जागा चिंताविकारांच्या पंक्तीत नाही, शरीरावर पुन्हा पुन्हा होणाऱ्या कृतींच्या पंक्तीत आहे.

२०१५ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी ४८ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना अशा सवयी होत्या, निम्म्यांना नव्हत्या. त्यांना ताण, वैताग, कंटाळा आणि निवांतपणा अशा वेगवेगळ्या प्रसंगांतून नेलं. सवय असलेल्यांना निवांत असताना ओढ कमी वाटली. कंटाळा आणि वैताग यांत मात्र ती चांगलीच वाढली. असे लोक पुष्कळदा परिपूर्णतेचे आग्रही असतात, काम मनासारखं झालं नाही किंवा हाताला काम नसलं की त्यांना चैन पडत नाही, असं या संशोधकांचं म्हणणं होतं. अभ्यासिकेतल्या मुलाकडे या नजरेने पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. तो परीक्षेला घाबरून नखं खात असेलच असं नाही. तेच पान चौथ्यांदा वाचतोय, डोक्यात शिरत नाही, उठताही येत नाही, म्हणूनही खात असेल.

या सवयीचं मोठं लक्षण असं की ती होताना कळत नाही. हात तोंडात गेल्याचं बोट दुखल्यावर ध्यानात येतं. म्हणून ‘नको करू’ या सांगण्याचा उपयोग होत नाही. जे करतोय याचंच भान नाही, ते थांबवणार कसं? यावर १९७३ साली नेथन अझरिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधी पद्धत मांडली, ती आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. पहिली पायरी भान आणण्याची: कोणत्या वेळी, कुठे बसल्यावर, कोणतं बोट आधी तोंडात जातं ते चार-आठ दिवस टिपून ठेवायचं. दुसरी पायरी अशी की हात निघाल्याचं कळताच तो तोंडापर्यंत जाऊच शकणार नाही असं काही करायचं: मूठ आवळायची, हातात काही धरायचं, एक ते तीन मिनिटं तसंच राहायचं. तिसरी पायरी घरच्यांची. त्यांनी चुकलं की टोकायचं नाही, जमलं की दाद द्यायची. नखं कापून गुळगुळीत ठेवली तर दाताला पकडायला कंगोराच उरत नाही, हीदेखील मोठी मदत होते.

नुकसान बहुधा बेताचं असतं: नखुरडं, पुढच्या दातांच्या कडा झिजणं, नखांतल्या घाणीतून पोटात जंत. यात एक गमतीची नोंद न्यूझीलंडमधली. डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. त्यातल्या अंगठा चोखणाऱ्या आणि नखं खाणाऱ्या मुलांमध्ये तेराव्या वर्षी त्वचेच्या चाचणीत ॲलर्जीचं प्रमाण कमी आढळलं. म्हणून कुणी मुलांना नखं खायला लावू नये, पण या सवयीचा एवढा धसका घेण्याचंही कारण नाही.

दात खाणं

झोपेत दात खाणाऱ्या मुलाला आपल्याकडे हमखास जंताचं औषध पाजतात. जंत असतील तर ते द्यायलाच हवं, पण दात खाण्याचं ते कारण असल्याचा भक्कम पुरावा नाही. मुलांमध्ये ही सवय बरीच आढळते आणि वयाबरोबर जाते.

मोठ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच नावाखाली घालतो. रात्रीचं दात खाणं हे झोपेतल्या क्षणिक जागेपणाशी जोडलेलं असतं. झोप थोडी चाळवते, हृदयाची गती वाढते, जबड्याचे स्नायू आवळतात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, मद्य, तंबाखू, उशिराचा चहा-कॉफी, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी ते वाढू शकतं. दिवसाचं दात आवळणं निराळं. स्वस्थ असताना ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, त्यांच्यात दोन-चार मिलिमीटरची फट असते. जेवणाखाणासह दिवसभरात दात प्रत्यक्ष टेकतात ते जेमतेम वीसेक मिनिटं. काळजीत असलेला माणूस मात्र गाडी चालवताना, मोबाईलवर उसाच्या बिलाचा मेसेज शोधताना, वरिष्ठांचं बोलणं ऐकताना तासन्‌तास दात घट्ट आवळून बसतो. चिंतेशी जास्त जवळचं नातं आहे ते या दिवसाच्या आवळण्याचं.

कानशिलं दुखणं, सकाळी जबडा जड वाटणं, थंड पाणी दाताला झोंबणं, दातांची टोकं सपाट होणं या त्याच्या खुणा. रात्रीसाठी दंतवैद्य दातांवर बसणारं आवरण बनवून देतात. त्याने दात वाचतात, पण कारण जात नाही. दिवसा स्वतःला एकच प्रश्न विचारत राहायचा: आत्ता दात टेकलेत का? टेकले असतील तर जबडा सैल सोडायचा. जोडीला घोरणं असेल तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

विजापूर ते निपाणी, निपाणी ते ओठ

आता या भागाच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. तंबाखूचं आणि दख्खनचं नातं चारशे वर्षांचं. पोर्तुगीजांनी ती किनाऱ्यावर आणली. अकबराच्या दरबारात ती पोचली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. असद बेग नावाच्या मुघल वकिलाला ती विजापुरात मिळाली आणि त्याने ती नवलाई म्हणून बादशहापुढे ठेवली. म्हणजे उत्तरेकडच्या दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती आपल्या शेजारच्या आदिलशाही राजधानीतून. पुढे जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचं काय झालं हे सांगायला नको.

कोल्हापूरहून महामार्गाने दक्षिणेला तासाभराच्या आत निपाणी लागतं. विडीच्या तंबाखूची ही देशातली नावाजलेली पेठ. कर्नाटकच्या सीमेअलीकडे कागल, गडहिंग्लज आणि पलीकडे चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकली. वखारींत बायकांनी तिची धूळ छातीत घेतली, घरोघरी विड्या वळल्या गेल्या. मार्च-एप्रिल १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. ज्या पिकासाठी माणसं रस्त्यावर मेली, त्याच्याविषयी या भागात ‘वाईट’ एवढंच बोलून भागत नाही. तंबाखू इथे पोट भरणारी आहे, पाहुण्याला पुढे करायची वस्तू आहे, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं निमित्त आहे.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. धूर नसलेली, तोंडात ठेवायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. महाराष्ट्राची तंबाखू खऱ्या अर्थाने तोंडाची सवय आहे. ‘सिगारेट आरोग्यास हानिकारक’ म्हणणाऱ्या जाहिराती पाहून इथला माणूस म्हणतो, ‘मी कुठं ओढतोय?’

चुना का लावतात हे जाणून घेण्यासारखं आहे. निकोटीन आम्ल परिस्थितीत तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज पार होत नाही. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटीन मोकळं होतं आणि ओठामागून भराभर रक्तात उतरतं. मळणाऱ्या अंगठ्याला रसायनशास्त्र येत नसेल, पण ‘चुना कमी पडला, लागत न्हाई’ हे त्याला बरोबर कळतं.

मेंदूत पोचल्यावर निकोटीन सुखाची जाणीव देणारं डोपामिन सोडवतं. लक्ष एकवटतं, भूक मरते, झोप उडते. शेतीची वीज पाळीने रात्री येते म्हणून मध्यरात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला यातलं प्रत्येक काम हवंच असतं. थंडी, साप-विंचवाची भीती, मोटर जळेल का हा घोर आणि सोबतीला कुणी नाही. ऊसतोडीच्या फडात पहाटेपासून वाकलेल्या बाईला भूक मारणारी मिसरी सोयीची वाटते. ‘मिसरी लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई’ या म्हणण्यातही तथ्य आहे, कारण निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मुख्यतः मिसरीच्या रूपात तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं.

उसनी शांतता

आता मुख्य मुद्दा. ‘तंबाखूनं टेन्शन कमी होतं’ हे कुणी म्हटलं की आपण त्याला खोटं ठरवतो. त्याला ते खरंच जाणवलेलं असतं, म्हणून आपलं म्हणणं त्याला पटत नाही. खोट त्याच्या अनुभवात नसते. हिशेब मात्र अर्धाच झालेला असतो.

रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. रोज घेणाऱ्याच्या मेंदूने निकोटीनसाठीचे ग्राहक बिंदू वाढवून ठेवलेले असतात. ते रिकामे पडू लागले की बेचैनी, चिडचिड, कामात लक्ष न लागणं सुरू होतं. ही यादी पुन्हा वाचा. काळजीने जे होतं ते आणि तंबाखू उतरल्यावर जे होतं ते जवळजवळ तेच आहे. माणसाला आतून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. तो म्हणतो ‘टेन्शन आलंय’, बार लावतो, पाच मिनिटांत बरं वाटतं. त्यातलं किती टेन्शन कर्जाचं होतं आणि किती आधीच्या बाराचं, हे त्याला कधीच कळत नाही. खासगी सावकाराकडून आधीच्या व्याजापोटी नवं कर्ज घ्यावं तसा हा व्यवहार. हातात पैसे आल्यासारखे वाटतात आणि बोजा वाढत जातो. सकाळचा पहिला बार सर्वांत गोड लागतो तो याचमुळे, कारण रात्रभरात थकबाकी सर्वांत जास्त झालेली असते.

याचा पुरावा उलट बाजूनेही मिळाला. तंबाखूने खरोखर काळजी कमी होत असती, तर सोडणाऱ्यांची काळजी कायमची वाढायला हवी होती. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं त्यात दिसलं. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीतही तेच. हे अभ्यास धूम्रपानाचे होते, पण ओठामागच्या बारातलं निकोटीनही तेच.

मधले दिवस मात्र कठीण असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेचैनी टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. बहुतेक लोक नेमके तिसऱ्या दिवशी हरतात आणि ‘मला सोसत न्हाई’ असा निष्कर्ष काढतात. ती बेचैनी संपत आलेल्या कर्जाची शेवटची वसुली असते, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं.

सुपारी निर्दोष नाही

तंबाखू सोडून नुसती सुपारी चघळणारे पुष्कळ भेटतात. मावा, गुटखा, गोड सुपारीची पुडी ही तरुणांची वाट. सुपारीतलं अरेकोलिन हेही मज्जासंस्थेवर काम करतं, अंग गरम होतं, तरतरी येते आणि त्याचीही सवय जडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

कर्करोगाच्या आधी येतं ते तोंड आखडणं. गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होत जाते, तिखट झोंबतं, हळूहळू तोंड उघडेनासं होतं. १९५२ साली केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार पहिल्यांदा आधुनिक वैद्यकात नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. स. गो. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं. बोटं सरळ उभी करून स्वतःची तीन बोटं दातांमध्ये मावत नसतील तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली आहे. महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण बंदी पुडीवर येते, ओढीवर येत नाही.

राज्याने या आजाराची किंमत उघड्या डोळ्यांनी पाहिली आहे. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी पुढे जाहीरपणे या सवयींविरुद्ध बोलायला सुरुवात केली. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजाराने गेले. इथे काळजीचा आणखी एक खेळ चालतो. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली की माणूस भीतीने डॉक्टरकडे जात नाही, आणि त्या भीतीवर उतारा म्हणून पुन्हा बारच लावतो. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम दाखवायलाच हवी. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो.

मग करायचं काय?

नखांसाठी सांगितलेली पहिली पायरी तंबाखूलाही लागू पडते. किती वेळा खातो यापेक्षा कधी खातो ते आठवडाभर टिपायचं. त्यातून तीन गट आपोआप पडतात: शरीराने मागितलेले बार, म्हणजे उठल्यावरचा आणि जेवणानंतरचा, सोबतीचे बार, म्हणजे कट्ट्यावरचे, आणि घोराचे बार, म्हणजे फोन आल्यावरचे, भांडणानंतरचे, पाण्याच्या पाळीचे. तिन्हींचे उपाय वेगळे.

शरीराच्या मागणीवर औषध आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश संशोधकांना दिसलं की पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असल्याने खलाशी तोंडात ठेवायच्या तंबाखूकडे वळतात. त्यातून ओव्ह फेर्नो यांनी निकोटीनचं च्युइंगम तयार केलं. आपल्याकडे ते औषधाच्या दुकानात मिळतं, पण सलग चघळल्याने उलट मळमळतं. थोडं चावून झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. बार लावणाऱ्याला ही रीत शिकवावी लागत नाही. फक्त सोबत चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत नको. चुना जे करतो त्याच्या उलट ही आम्ल पेयं करतात आणि निकोटीन आत जात नाही. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं, हृदयाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आवर्जून.

सोबतीच्या बारावर बडीशेप, लवंग, वेलची चालते. हात आणि तोंड दोन्ही गुंततात, डबीही पुढे करता येते. ओढ आली की ती बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी पिऊन, चार पावलं चालून काढायचा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. काळजी आठवड्यामागून आठवडे सुटत नसेल, झोप उडाली असेल, कामात मन लागत नसेल, तर सवयीच्या मागे न लागता आधी काळजीवर उपचार घ्यावेत. सवयीची पकड मग सैल होऊ लागते.

घोराचे बार सर्वांत चिवट असतात, कारण त्यांचं मूळ तोंडात नसतं. घरच्यांनी ‘सोड ती तंबाखू’ म्हणण्याऐवजी ‘ही कधी लागते रे तुला?’ असं विचारून पाहावं. उत्तरात बहुधा एखाद्या कर्जाचा हप्ता निघतो, पोरीच्या लग्नाचा खर्च निघतो, रात्रीची पाण्याची पाळी निघते. यातलं काही कुटुंबाने वाटून घेण्यासारखं असतं आणि काही सरकारदरबारी मागण्यासारखं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. ती वीज बांधापर्यंत पोचली की शेतकऱ्याची रात्रीची झोप परत येईल, आणि रात्रभर जागं राहण्यासाठी लावला जाणारा बारही कमी होईल. तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमांत पोस्टर आणि शपथ यांच्या शेजारी ही मागणी मांडायला काहीच हरकत नाही.